वेळ मारायचे अकरा शब्द

आई : बसत नाही बाई. आधी एवढं सांगा, इंग्रजीत 'किल' म्हणजे ठार मारणंच ना? दुसरा काही अर्थ नाही ना?

बाई : कोण, शिवणवाली का? अगं, निदान दार तरी ढकल. डोळ्याला वारा लागू द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय.

आई : ढकललं. सांगा.

बाई : किल म्हणजे मारणं. का गं? कुणाच्या कोटाची बाही आखूड झाली?

आई : चेष्टा नको हो. माझ्या मुलाने लिहिलंय.

बाई : आपल्या खिडकीने?

आई : अजून खिडकीच म्हणा त्याला. चौतीस पूर्ण झाली.

बाई : पाच वर्षं माझ्या वर्गात बसला आणि पाचही वर्षं बाहेर बघत होता. साठीचा झाला तरी खिडकीच. काय लिहिलंय बघू. आण इकडे... आणि आणून तरी मी काय दिवे लावणार आहे!

आई : तेच ना. जिना धावत चढले आणि दारात आठवलं, बाईंचा डोळा बांधलेला. पण बांधलाय एकच ना? दुसऱ्याने?

बाई : दुसरा दोन वर्षं नुसता शोभेला आहे. तू मला ढगासारखी दिसतेस. ढगाच्या हातात काहीतरी तपकिरी आहे.

आई : मापाचा कागद. कोटाची पाठ आखायला घेतला होता, त्यावरच उतरवून घेतलं. खडूने.

बाई : फोनवरचं कागदावर कशाला?

आई : माझा फोन मिनिटामिनिटाला डोळे मिटतो. आणि इंग्रजी मी वाचत नाही बाई, उतरवते. गिऱ्हाईक रुमालावर अक्षरं काढायला देतं तेव्हा जशी उतरवते ना, तशी. रेघेला रेघ. शेवटचं अक्षर संपवून वर बघते तो मजकूर गायब! तिथे आपलं एवढंच, 'हा संदेश काढून टाकला आहे.' माझ्या डोळ्यांदेखत. जसा कुणी आतून हात घालून ओढून नेला.

बाई : म्हणजे तो तुला पाठवायचा नव्हता.

आई : तेच तर! मला तो आपल्या भाषेत लिहितो. 'जेवलीस का', 'कामात आहे', 'नंतर बोलतो'. इंग्रजी कधी नाही. लगेच फोन लावला, तर उचलत नाही. चार वेळा लावला.

बाई : सोमवारची सकाळ आहे. कचेरीत मान वर करायला फुरसत नसेल.

आई : पहिलाच शब्द 'बाय' आहे बाई. निरोपाचा. आधी बाय, मग किल, मग हँग, मग शूट. आणि शेवटी मी.

बाई : थांब, थांब. इंग्रजी येत नाही म्हणतेस, मग एवढे शब्द वाचलेस कसे?

आई : किल डासांच्या औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. हँगर तर माझ्या रोजच्या हाताखालचा. हँग म्हणजे टांगणं, एवढं कळतं मला. शूट म्हणजे गोळी, सिनेमात ऐकलंय. आणि आई... त्याने मला चहाचा कप आणला होता ना, त्यावर छापलंय. ए, ए, आय. रोज त्यातूनच पिते. ते अक्षर मी झोपेत ओळखेन.

बाई : आधी खाली बस.

आई : काय झालं असेल हो त्याला?

बाई : बस म्हणते ना. बाटली तुझ्या उजवीकडे आहे, पाणी पी. आणि आता मला एकेक अक्षर सांग. अर्थ लावायचा नाही. अर्थ माझ्याकडे. पहिला शब्द राहू दे, किलपासून घे.

आई : के, आय, एल, एल, आय, एन, जी. मग जागा सोडलीय. टी, आय, एम, ई.

बाई : पुन्हा सांग. टी, आय...

आई : एम, ई. कुणाचं नाव आहे का? टीम? कुणाला मारणार आहे का तो?

बाई : अगं माझे आई, ते टाइम आहे. किलिंग टाइम! वेळ मारणं. वेळ घालवणं. रिकामटेकडं बसणं गं.

आई : वेळ मारतात?

बाई : इंग्रज मारतात. पुढचं वाच.

आई : एच, ए, एन, जी, आय, एन, जी. मग ए, आर, ओ, यू, एन, डी.

बाई : हँगिंग अराउंड. कुठेतरी उगाच रेंगाळत राहणं. नाक्यावर पोरं उभी असतात ना, तसं. गळफास नाही, दोर नाही.

आई : आणि शूट?

बाई : तेही सांग अक्षराने.

आई : एस, एच, डबल ओ, टी, आय, एन, जी. द... हे 'द' ना? मग बी, आर, डबल ई, झेड, ई.

बाई : शूटिंग द ब्रीझ. ब्रीझ म्हणजे वाऱ्याची झुळूक. चकाट्या पिटणं, दुसरं काय!

आई : वाऱ्यावर गोळ्या झाडायच्या म्हणजे गप्पा मारायच्या?

बाई : हसलीस ना? हस. मला तर पोटात कळ येईपर्यंत हसू येतंय, पण डोळ्यावर ताण द्यायचा नाही.

आई : काय बाई भाषा तरी! नुसतं बसायचं म्हटलं तरी मारा, टांगा, गोळी घाला. आपल्याकडे कसं, फार तर माशा मारतात.

बाई : आणि गप्पा मारतो, थापा मारतो, डुलक्या मारतो. आपणही काही कमी हिंसक नाही गं. बरं, आता पहिल्या ओळीला ये. तुझ्या त्या 'बाय'ची अक्षरं सांग.

आई : बी, ए, आय.

बाई : बाय असं लिहीत नाहीत.

आई : कागदावर आहे तेच सांगतेय. बी. ए. आय. मी एक टाका इकडचा तिकडे करत नाही.

बाई : तुझ्या कपावर काय आहे म्हणालीस?

आई : ए, ए, आय. आई.

बाई : त्यातलं पहिलं अक्षर काढ आणि बी ठेव.

आई : बी... बा... बाई?

बाई : बाई. तुला नाही लिहिलं त्याने. मला लिहिलंय.

आई : तुम्हाला? तो तुम्हाला लिहितो?

बाई : फोनमधल्या नावांत आईखाली बाई असणार. अंगठा एक ओळ वर पडला. अगं, आमचा खेळ आहे तो! वर्गात एकदा मी ओरडले, खिडकीबाहेर बघत वेळ वाया घालवू नकोस. तर हा म्हणतो कसा, 'वाया नाही घालवत बाई, नुसता घालवतोय.' सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण मी तोंड फिरवून फळा पुसत राहिले. मग म्हटलं, इंग्रजीत ह्याला शंभर शब्द आहेत. दर सोमवारी एक शोधून आणायचा आणि वाक्यात वापरून दाखवायचा. वर्षभर आणले पठ्ठ्याने. कोळशासारखी काळी झालेली वही होती त्याची. अजून डोळ्यांपुढे आहे. डोळ्यांपुढे म्हणजे, आतल्या.

आई : हे मला कधी सांगितलं नाही त्याने.

बाई : आणि मध्ये वीस वर्षं गेली. दोन महिन्यांपूर्वी एका सोमवारी फोनवर एकच ओळ. 'बाई, नवा शब्द.' मला इतका आनंद झाला! वाटलं, म्हातारीला विसरला नाही. तेव्हापासून दर सोमवारी येतो. आठ झाले. मी मार्कही देते. दहापैकी नऊ, दहापैकी साडेआठ.

आई : मग झालं तर. खेळच आहे. मी आपली उगाच सकाळपासून... काजाची सुई दोनदा बोटात घुसली माझ्या. उठते आता. तो कोट आज द्यायचाय.

बाई : थांब जरा. तीन का?

आई : काय तीन?

बाई : नियम एकाचा आहे. आज तीन का पाठवले? 'बाई'च्या पुढे काय आहे?

आई : एल, ए, एस, टी. टी, एच, आर, डबल ई.

बाई : लास्ट थ्री. शेवटचे तीन. आणि ब्रीझनंतर?

आई : एन, ओ. एम, ओ, आर, ई. डब्ल्यू, ओ, आर, डी, एस. एल, ई, एफ, टी.

बाई : नो मोर वर्ड्स लेफ्ट.

आई : बाई, तुम्ही हसत का नाही आता?

बाई : शब्द उरले नाहीत, म्हणतोय. पुढची ओळ. तुझ्या नावाची. सावकाश.

आई : ए, ए, आय. टी, एच, आय, एन, के, एस. मग नुसता आय. ए, एम. ए, टी. डब्ल्यू, ओ, आर, के. संपलं. काय आहे? माझ्याबद्दल काय म्हणतोय?

बाई : 'आईला वाटतं मी कामावर आहे.'

आई : बरोबर आहे. वाटतंच मला. आहेच तो कामावर. नाही का?

बाई : तू मला एक सांग. अलीकडे तो फोनवर कसा बोलतो?

आई : नेहमीसारखाच. दुपारी करतो. 'कामात आहे, साहेब आले, ठेवतो.' म्हणजे... मागून कबुतरं ऐकू येतात. मी विचारलं होतं, कचेरीत कबुतरं कुठली रे? म्हणाला, खिडकी उघडी आहे. नकाशे काढायची कचेरी त्याची, पाचव्या मजल्यावर. असतील कबुतरं, म्हटलं. आणि त्याला कामावर घालायला दोन शर्ट बेतले होते मी, तर म्हणाला, नको, आहेत त्यांचीच कॉलर नवी आहे. वर्षभर रोज घातलेल्या शर्टाची कॉलर नवी कशी राहील हो बाई? मी शिवणारी बाई आहे, माझ्या लक्षात यायला नको?

बाई : लक्षात यायला हवं होतं ते माझ्या. पहिल्या सोमवारचं वाक्य मला तोंडपाठ आहे. 'आय वॉज लोफिंग इन द पार्क फ्रॉम टेन टू सिक्स.' लोफिंग म्हणजे उनाडक्या करणं. मी बागेत दहा ते सहा उनाडक्या करत होतो. आणि मी काय उत्तर दिलं माहीत आहे? 'फ्रॉम आणि टू अचूक. नऊ मार्क.'

आई : दहा ते सहा म्हणजे कचेरीची वेळ.

बाई : दुसरं वाक्य स्टेशनवरच्या बाकाचं होतं. तिसऱ्यात वाचनालय. चौथ्यात म्हणे, रखवालदार मला आता नावाने ओळखतो. मी तिथे काळाच्या चुका शोधत बसले होते गं. पोरगं दर सोमवारी मला खरं सांगत होतं आणि मी व्याकरण तपासत होते.

आई : आठ आठवडे?

बाई : आठ.

आई : आणि आज शब्द संपले म्हणतो. शब्द संपले म्हणजे बाई? मघाशी तुम्ही म्हणालात तसा ह्याचाही काही वेगळा अर्थ असतो का? सांगा ना, असतो ना?

बाई : नाही. ह्याचा तोच अर्थ आहे.

आई : मी जाते. मिळेल ती गाडी पकडते.

बाई : जाऊन कुठल्या बाकावर शोधशील? आधी माझा फोन काढ. कपाटात, वरच्या खणात. भाचीने बंद करून ठेवलाय चार दिवस, मी चोरून बघीन म्हणून. तुझा उचलत नाही, माझा उचलेल.

आई : किल्ली?

बाई : कपाटालाच आहे. डावीकडे फिरव. अगं, डावीकडे!

आई : सापडला. चालू होतोय... बाई, वाजला. काहीतरी आलंय.

बाई : काय आहे?

आई : तेच. बी, ए, आय. माझ्याकडून काढून तुम्हाला पाठवलंय. बघा, माझ्या कागदावर आणि ह्यात एका अक्षराचा फरक नाही.

बाई : लाव त्याला. तो आवाज मोठा करायचा असतो ना, तो कर. मलाही ऐकायचंय.

(बाईंच्या फोनवरून घंटी जात राहते. सात वेळा. आठवी अर्धी झाल्यावर कुणीतरी उचलतं.)

मुलगा : बाई! पट्टी सुटली?

आई : नाही सुटली.

मुलगा : ...आई?

आई : फोन बाईंचा आहे. माझा तू उचलत नाहीस.

मुलगा : अगं, बैठक चालली होती. आताही आत जायचंय. साहेब थांबलेत, ठेवतो मी...

आई : साहेब घुमतात का रे?

मुलगा : काय?

आई : मागे घुमणं ऐकू येतंय. कबुतरासारखं.

मुलगा : खिडकी उघडी आहे.

आई : खिडकी तू आहेस. कुठे बसलायस?

मुलगा : आई, मी रात्री नीट बोलतो...

आई : 'लोफिंग इन द पार्क.' फ्रॉम टेन टू सिक्स. बरोबर म्हटलं ना मी?

मुलगा : ...तू वाचलंस. मला वाटलं, वेळेत काढलं.

आई : मी वाचत नाही. उतरवते.

मुलगा : बाई आहेत तिथे?

बाई : आहे रे. ऐकतेय. मी तुला मार्क देत होते. साडेआठ!

मुलगा : त्या आठवड्यात तेवढंच मिळालं मला, बाई. वाईट नका वाटून घेऊ.

आई : ते राहू दे. आधी मला सांग, शब्द संपले म्हणजे नुसते शब्दच संपले ना? दुसरं काही नाही ना? नीट सांग. सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय.

मुलगा : शब्दच गं. शपथ. आज सकाळी बाकावर बसलो आणि पुढचा शब्द आठवायला लागलो, तर सापडेना. होते नव्हते ते तीनही आदल्या रात्री वहीत लिहून झालेले. इतके दिवस वाटायचं, मी बाईंसाठी शब्द गोळा करतोय, म्हणजे काहीतरी करतोय. मग एकदम वाटलं, आता इथे कशासाठी बसलोय? तेवढंच. घाबरू नकोस.

आई : घाबरले मी 'बाय' वाचून.

मुलगा : बाय कुठे लिहिलं मी?

बाई : तुझ्या 'बाई'ची हिने 'बाय' केली! अख्खा जिना धावत चढून आली, गुडघे दुखतात तरी.

मुलगा : अरे देवा. आई...

आई : नोकरीचं काय झालं?

मुलगा : आमचा अख्खा मजलाच बंद केला. नकाशे आता यंत्र काढतं. अकरा जण होतो. बाकीचे पांगले. मी दोन ठिकाणी जाऊन आलो, बोलावतो म्हणाले.

आई : आणि मला का नाही सांगितलंस? मी रागावले असते?

मुलगा : नाही.

आई : मग?

मुलगा : तू रागावली असतीस तर सांगितलं असतं गं. कसं सांगू तुला... मी जन्मात तुला रिकाम्या हाताने बसलेलं पाहिलं नाही. ताप असला तरी तू उशाशी बटणांचा डबा घेऊन झोपायचीस. कुणी भेटायला आलं तरी बोलता बोलता काज चालूच. अशा बाईला फोन करून काय सांगायचं? की मी बसलोय?

आई : मला बसता येत नाही रे. त्यात मोठेपणा कसला? तुझे बाबा गेले तेव्हा एक दिवस हात मोकळे ठेवले होते, तर ते थरथरायला लागले. म्हणून पुन्हा ठेवले नाहीत. तुला ते वेगळंच दिसत राहिलं.

मुलगा : हे तू कधी बोलली नाहीस.

आई : तूही दुपारी साहेब आले म्हणून फोन ठेवतच होतास की. दोघंही वेळ मारून नेत होतो.

बाई : ह्याला इंग्रजी नाही बरं का. वेळ मारणं आहे त्यांच्याकडे, मारून नेणं नाही.

मुलगा : बाई, ह्याचे किती मार्क?

बाई : पूर्ण. तुझ्या आईला.

आई : ते मार्क-बिर्क राहू द्या दोघांचं. तू ऐक. दुपारची गाडी आहे ना? तिने निघ.

मुलगा : तिथे येऊन काय करू गं आई? गल्लीत सगळे विचारतील. तू गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंयस, माझा मुलगा नकाशे काढतो.

आई : विचारू देत. तिथे बाकावर काही न करता बसण्यापेक्षा इथे येऊन काही करू नकोस.

मुलगा : काही न करायला येऊ?

आई : हो. बाईंना पंधरा दिवस तसंही काही करायची परवानगी नाही. त्यांच्या शेजारी बस, खिडकीत. बाहेर काय दिसतं ते त्यांना सांग. तेवढं तुला चांगलं जमतं. आणि कोट देऊन झाला की मीही येते. बघते, हात मोकळे ठेवून बसता येतं का.

मुलगा : तू? तुला नाही जमायचं.

आई : पहिल्या दिवशी नाही जमणार. थरथरले तर तू धर.

मुलगा : ...आई.

आई : काय?

मुलगा : तिघांनी मिळून असं काही न करता बसायचं, ह्याला इंग्रजीत एखादा शब्द असेल. आता आठवत नाहीये.

आई : असेल. येताना घेऊन ये.